शेवटच्या प्रकरणावरचा रबरबँड

दाताच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाचाही तसा गैरसमज होईल. माणूस सभ्य आहे. जिन्यात भेटला की आधी तोच हसतो, आणि त्याचे दात त्याच्या वयाला शोभत नाहीत इतके चांगले आहेत. माझं म्हणणं एवढंच, की ज्याने उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात घालवला त्याने निवृत्त झाल्यावर रहस्यकथांमध्ये डोकावण्याचं काही कारण नव्हतं. पत्ते होते, कुंड्या होत्या, सकाळचं फिरणं होतं. पण नाही. हे गृहस्थ राहायला आले ते नेमके आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर, आणि वाचायला लागले तीही नेमकी आमची 'वजनमापे'.

'वजनमापे' म्हणजे वजनमापे निरीक्षकाची कादंबरी-मालिका. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांची मला कीव येते आणि थोडा हेवाही वाटतो, कारण त्यांच्यापुढे अजून सगळी मालिका कोरी पडलेली आहे. नायक सरकारी निरीक्षक आहे. तो दुकानात तराजू तपासायला जातो आणि दुकानदार तराजूशेजारी मरून पडलेला असतो. प्रत्येक भागात. मी दुकानदार असतो तर याच्या तपासणीची नोटीस आल्याबरोबर शटर ओढून नातेवाइकांकडे निघून गेलो असतो. पण त्या गावातले दुकानदार मालिका वाचत नसावेत. निरीक्षक गेली कित्येक वर्षं अठ्ठेचाळीस वर्षांचाच आहे. तिसऱ्या भागात त्याचा डावा गुडघा दुखायचा, सातव्यात उजवा दुखायला लागला. मी प्रकाशकांना तसं कळवलंही होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण आठव्या भागात दोन्ही दुखत होते. याला मी माझा साहित्यातला सहभाग समजतो.

आमच्या इमारतीत ही मालिका सामाईक आहे. एकच प्रत मागवायची आणि घराघरातून फिरवायची, ही कल्पना माझी. तिला 'रहस्यप्रेमी वाचक मंडळ' हे नाव दिलं तेही मीच. पार्सल माझ्याच पत्त्यावर येतं. ते आलं की शेवटच्या प्रकरणाची पानं वेगळी धरून त्यांच्यावर रबरबँड चढवायचा, म्हणजे कुणाचा चुकूनही शेवटावर डोळा जाऊ नये. हे काम पहिल्यापासून माझ्या बायकोकडे आहे. ती शाळेत भूगोल शिकवते, दुपारीच घरी येते आणि पार्सल तिच्याच हातात पडतं. मग पुस्तक जातं तळमजल्यावरच्या विमावाल्यांकडे. विमावाले रबरबँड काढून सगळं वाचतात, कारण त्यांना खुनी ओळखण्यात रस नाही. मेलेल्याचा विमा होता की नाही एवढंच त्यांना पाहायचं असतं. म्हणून ते आमचे पंच. रबरबँड पुन्हा चढतो, पुस्तक पुढे जातं, आणि ज्याचं शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचून झालं त्याने खालच्या बाकावर येऊन, रबरबँड काढण्याआधी, विमावाल्यांच्या कानात खुन्याचं नाव सांगायचं. ते "शाबास" म्हणतात किंवा "अरेरे" म्हणतात. पहिल्या वाचणाऱ्याला "शाबास" मिळाली तर पुढच्या भागाचा पहिला हात, म्हणजे सगळ्यांआधी वाचायचा मान, त्याच्याकडेच राहतो. तो चुकला तर हात पुढच्या शाबासवाल्याकडे जातो.

पहिला हात माझ्याकडे होता. किती वर्षं, ते मोजून दाखवणं मला प्रशस्त वाटत नाही. लोक मला जिन्यात थांबवून विचारायचे, "तुम्हाला कळतं तरी कसं हो?" मी नुसता हसायचो. ऑफिसात मी मृत्यूनोंदणीच्या खिडकीवर बसतो, त्यामुळे मरण या विषयात मला थोडी गती असणारच, असंही काहींचं मत होतं. मी ते खोडून काढलं नाही. खरं म्हणजे आमच्या खिडकीवर येणारी मरणं फारच साधी असतात. कारणाच्या रकान्यात 'वृद्धापकाळ' लिहून लिहून माझा हात झिजला. संशयास्पद असं एकदाच आलं होतं, आणि तिथेही शेवटी जावई निर्दोष निघाला.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टर आले.

"ऐकलं तुम्ही या विषयातले दर्दी," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "मलाही घ्या की मंडळात. आम्ही आपले नवशिके."

नवशिके! मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मालिकेत जो माणूस पहिल्या भेटीत नम्र असतो त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने खूण करून ठेवतो. पण इथे पेन्सिल हाताशी नव्हती.

नवा भाग आला. पहिला हात माझाच. आता नव्या माणसापुढे आपली छाप पडावी, म्हणून मी ठरवलं की या खेपेला रमतगमत वाचायचं नाही. एरवी मी घरी वाचायचो, संध्याकाळी, चहा घेत. या वेळी पुस्तक सरळ ऑफिसात नेलं, खिडकीखालच्या खणात ठेवलं आणि दोन मयतांच्या मध्ये जमेल तसं वाचून काढलं. दुसऱ्याच संध्याकाळी छाती पुढे काढून बाकावर गेलो आणि विमावाल्यांच्या कानात म्हणालो, "कापडवाला."

विमावाले म्हणाले, "अरेरे."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. त्यांनीही पुन्हा अरेरे म्हटलं, जरा मोठ्याने. मग पुस्तक वर गेलं, तीन दिवसांनी डॉक्टर खाली आले, त्यांच्या कानाला लागले, आणि "शाबास!" अशी आरोळी मला आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. अशी आरोळी त्यांनी मला कधी दिली नव्हती.

असं एकदा झालं असतं तर मी उदार मनाने सोडून दिलं असतं. पण पुढच्या भागालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही तेच. मी ऑफिसात वाचायचो, आणखी जोर लावून, आणखी भराभर, समासात बाण काढत, आणि दर वेळी तोंडघशी पडायचो. डॉक्टर गुणगुणत जिना उतरायचे आणि शाबास घेऊन वर जायचे. जिन्यातले लोक आता त्यांना थांबवून विचारायचे, "तुम्हाला कळतं तरी कसं हो?" आणि तेही नुसते हसायचे. ते हसणं माझं होतं. मी ते वर्षानुवर्षं घडवलं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट माझ्या पोटात दुखायला कारण झाली. एकदा ऑफिसातून येताना पाहिलं, तर जिन्याच्या वळणावर डॉक्टर आणि आमची ही बोलत उभी. हिच्या हातात शाळेच्या वह्यांचा गठ्ठा, आणि ही खळखळून हसत होती. मला पाहिल्यावर दोघंही "या या" म्हणाली. स्वतःच्या जिन्यात आपल्याला कुणी "या या" म्हणावं, यासारखा अपमान नाही.

"काय बोलत होता?" मी घरात आल्यावर विचारलं.

"काही नाही, पुस्तकाबद्दल."

"कुठल्या?"

"तुमच्याच त्या, वजनमापांच्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. ही वह्या तपासायला बसली, आणि त्या दिवशी मुलांना फार कमी मार्क पडले असावेत, कारण लाल पेन जोरजोरात चाललेलं मला ऐकू येत होतं.

मी विचार केला. मालिका वाचण्याचा एवढा फायदा नक्कीच होतो, की माणूस पद्धतशीर विचार करायला शिकतो. डॉक्टर नवशिके आहेत, हे ते स्वतःच कबूल करतात. नवशिका सलग तीनदा बरोबर ओळखू शकत नाही. म्हणजे ते शेवट आधी वाचतात. रबरबँड काढतात, वाचतात, परत चढवतात. इतकं सरळ होतं ते. मी विमावाल्यांना गाठलं.

"पुरावा पाहिजे," विमावाले म्हणाले. "आमच्यात काय, क्लेम खोटा आहे असं नुसतं वाटून भागत नाही. सिद्ध करावं लागतं."

"कसं करणार?"

"एक जण गाडीला धडक बसली म्हणून आला होता. आम्ही रंग पाहिला. धडक बसली की रंग लागतोच."

ते बोलून गेले, पण माझ्या डोक्यात दिवा लागला. रंग! ऑफिसात माझ्या टेबलावर जांभळ्या शाईचं स्टॅम्पपॅड आहे. ती शाई एकदा बोटाला लागली की आठवडाभर धुऊन जात नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. शेवटच्या प्रकरणाच्या पानांच्या कडांना, आतल्या बाजूने, ती पुसून ठेवायची. जो रबरबँड काढून पानं उलगडेल त्याचा अंगठा जांभळा होणार. विमावाल्यांची बोटं रंगतील, पण त्यांना तो हक्कच आहे. डॉक्टरांना नाही. नाव सांगायला ते बाकावर येतील तेव्हा त्यांची बोटं स्वच्छ असायला हवीत, आणि ती नसणार.

"तुमची बोटं आठवडाभर जांभळी राहतील," मी विमावाल्यांना आधीच सांगितलं.

"मंडळासाठी एवढं करीन मी," ते म्हणाले. मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तो अजून स्वच्छ होता.

आता पार्सल घरी पोचण्याआधी गाठायला हवं होतं. मी सकाळीच पोस्टात गेलो. तिथल्या बाईंनी पार्सल काढलं, पत्ता वाचला आणि परत ठेवलं.

"हे 'रहस्यप्रेमी वाचक मंडळ' यांच्या नावावर आहे," त्या म्हणाल्या.

"मीच मंडळ."

"मंडळ म्हणजे एक माणूस नसतो."

हे मला पटत होतं, पण वेळ पटवून घेण्याची नव्हती. मी म्हणालो की मी संस्थापक आहे. त्या म्हणाल्या, मंडळाचा शिक्का आणा. शिक्के मारण्यात माझं आयुष्य गेलं आणि मंडळाचा शिक्का करायचं मला सुचलं नव्हतं! शेवटी मी माझं ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. त्यावर 'मृत्यूनोंदणी विभाग' वाचल्यावर बाईंचा चेहरा उतरला. "कुणाचं काही..." असं म्हणत त्यांनी पार्सल मुकाट्याने पुढे सरकवलं. मीही गंभीर चेहऱ्याने ते घेतलं आणि त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद करून मी कामाला लागलो. मालिकेत अशा गोष्टी एका ओळीत होतात. 'त्याने सावधपणे शाई लावली.' प्रत्यक्षात सावधपणे शाई लावता येत नाही. शाई आधी माझ्या उजव्या हाताला लागली, मग डाव्या, मग नाकाला खाज सुटली म्हणून नाकाला. पानं मात्र झकास झाली. कडा इतक्या सफाईने रंगवल्या, की बाहेरून काही दिसत नव्हतं. वेष्टन पुन्हा चिकटवलं आणि खिडकी उघडली.

पहिलेच एक गृहस्थ दाखला घ्यायला आले होते. मी तो त्यांना दिला. ते तो बघत राहिले.

"हा अंगठा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

दाखल्यावर, बरोबर मयताच्या नावावर, जांभळा अंगठा उमटला होता. मी म्हणालो, चुकून लागला. ते म्हणाले, "माझे काका शिकलेले होते. ते सही करायचे. आणि मेल्यावर अंगठा कसा करतील?" मागच्या रांगेतले लोक पुढे सरकून बघायला लागले. प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी दाखला पाहिला, माझे हात पाहिले, नाक पाहिलं, आणि म्हणाले, "तुम्हाला चार दिवस रजेची गरज आहे असं मला वाटतं." असं कुणी प्रेमाने म्हटलं की ते जास्त लागतं.

घरी आल्यावर हिने विचारलं, "नाकाला काय झालं?"

"ऑफिसचं काम," मी म्हणालो आणि पार्सल तिच्या हातात दिलं. "पोस्टमन खालीच भेटला. रबरबँड चढवून विमावाल्यांकडे देऊन टाक." कट असा बेमालूम हवा, की घरच्या माणसालाही पत्ता लागू नये.

संध्याकाळी पाहिलं, तर हिने अंगठ्याला पट्टी बांधली होती.

"काय झालं?"

"भाजी चिरताना सुरी लागली."

"जपून," मी म्हणालो आणि पुन्हा डॉक्टरांच्या विचारात गढून गेलो. वास्तविक त्या दिवशी आम्ही बाहेरून डबा आणला होता. पण हे मला फार नंतर आठवलं, आणि मालिकावाचक म्हणून मला त्याची शरम वाटते.

विमावाल्यांनी वाचून पुस्तक वर दिलं. दोन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, डॉक्टर गुणगुणत उतरले. मी आधीच बाकावर जाऊन बसलो होतो. आणखी चार माणसं होती. मी ती जमवली होती. डॉक्टर विमावाल्यांच्या कानाला लागले.

"शाबास!" विमावाले म्हणाले.

मी उभा राहिलो. या क्षणाची मी मनात तालीम केली होती. "डॉक्टर," मी म्हणालो, "हात दाखवा."

डॉक्टरांनी गोंधळून हात पुढे केले. दोन्ही स्वच्छ. नखंसुद्धा स्वच्छ. बाकावर त्या वेळी जांभळे हात फक्त दोघांचे होते, विमावाल्यांचे आणि माझे. नाक धरलं तर माझंच जास्त.

पण मी हार मानणारा नव्हे. "हातमोजे!" मी ओरडलो. "दाताचे डॉक्टर आहात तुम्ही. रबरी हातमोजे घालून रबरबँड काढला असणार!" आणि मग शाई, पानं, पोस्ट, सगळं मी घडाघडा सांगून टाकलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "अहो, मी कशाला असं करीन?" आणि आपल्या स्वच्छ हातांकडे बघत राहिले.

तेवढ्यात ही आली. शाळेचं काहीतरी सामान घेऊन येत होती, बोलणं तिने ऐकलं असावं. तिने पिशवी बाकावर ठेवली.

"पुरे आता," ती म्हणाली, आणि अंगठ्यावरची पट्टी उलगडायला लागली. अंगठा नखापासून मुळापर्यंत जांभळा होता.

"शेवट मी वाचते आधी," ती म्हणाली. "पहिल्या पुस्तकापासून. रबरबँड चढवायच्या आधी."

"पण का?" मी म्हणालो.

"मला नाही सहन होत कोण कोण मरणार ते माहीत नसलं की. एकदा कळलं की मग माणसं नीट वाचता येतात. त्या निरीक्षकाची बहीण किती सोसते, तुमच्या कुणाच्या कधी लक्षात आलंय?"

कुणाच्या आलं नव्हतं.

"आणि वहिनी," डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही मला जिन्यात म्हणालात, त्या सोनाराच्या मेहुण्याकडे जरा बघा म्हणून..."

"तुम्ही विचारलंत, काय वाटतं वहिनी. म्हणून बोलले. मुद्दाम नाही. कुणाशी तरी बोलायचं असतं हो माणसाला." मग ती माझ्याकडे वळली. "पूर्वी मी यांच्याशी बोलायचे. हे घरी वाचायचे ना तेव्हा. चहा देताना मी म्हणायचे, ती दळणवाली जरा जास्तच रडते, नाही? हे नुसते हूं म्हणायचे. पण निदान समोर तरी असायचे."

दळणवाली. चौथा भाग. मी ती ओळखली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच्या आधीचा पोतेवाला, त्याच्या नंतरचा मुनीम, एकेक चहाचा कप माझ्या डोळ्यांपुढून जायला लागला. प्रत्येक कपाबरोबर एक वाक्य आलेलं होतं, आणि ते वाक्य थोड्या वेळाने मला स्वतःला सुचलं होतं. मी मटकन बाकावर बसलो. मला डॉक्टरांचा आजवर जितका हेवा वाटला नव्हता तितका त्या क्षणी वाटला. शाबासकीचा नाही. त्या माणसाने जिन्यात उभं राहून हिला एक साधा प्रश्न विचारला होता आणि तो मला कधी सुचला नव्हता, याचा.

मी डॉक्टरांची माफी मागितली. ते लगेच "छे छे" म्हणाले, त्याचाही मला थोडा रागच आला.

विमावाल्यांनी मग पंच या नात्याने नवा नियम केला. पुढचं पार्सल थेट त्यांच्याकडे येईल. शेवटचं प्रकरण ते गोणपाटाच्या सुईने, जाड दोऱ्याने शिवून टाकतील. आणि सगळ्यांचं वाचून झाल्यावर नावं एकाच संध्याकाळी सांगायची.

नवा भाग आला तेव्हा मी तो घरी वाचला. संध्याकाळी, चहा घेत. ही समोर बसली होती. हिचं वाचून झालं होतं, शिवलेल्या जागेपर्यंत. मी घसा साफ केला.

"काय वाटतं तुला?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "मला?" ती म्हणाली. मग निरीक्षकाच्या बहिणीबद्दल बोलली, त्या गावातल्या पुलाबद्दल बोलली, नदी नकाशाप्रमाणे त्या बाजूने वाहूच शकत नाही हे सांगितलं. चहा निवून गेला. मला त्यातलं निम्मं पटलं नाही आणि ते सांगायची हिंमत झाली नाही, पण मजा आली. उठता उठता ती म्हणाली, "त्या घड्याळजीकडे जरा लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवशी जिन्यात डॉक्टरांचा आवाज आला. "काय वाटतं, वहिनी?" मी दाराला कान लावला. असं करू नये हे मला माहीत आहे.

"मला ना, शिंप्याचा संशय येतो," ही म्हणाली.

मला गुदगुल्या झाल्या. शिंपी! म्हणजे खरं नाव घरात ठेवलं होतं तिने, आणि परक्याला वाटेला लावलं होतं. इतक्या वर्षांच्या संसाराचं चीज झालं असं वाटून मी दारामागे एकटाच हसलो.

नावं सांगायची संध्याकाळ आली. डॉक्टर कानाला लागले. "अरेरे," विमावाले म्हणाले. मी सावकाश उठलो, सगळ्यांकडे पाहून घेतलं, आणि कानात म्हणालो, "घड्याळजी."

"अरेरे."

मी हिच्याकडे बघितलं. ही पदर सावरत उठली. तोवर नाव सांगायला ती कधी आली नव्हती. खरं म्हणजे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती विमावाल्यांच्या कानाशी वाकली आणि हळूच काहीतरी म्हणाली.

विमावाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कात्री काढून सगळ्यांसमोर दोरा कापला. कुठेही टाका उसवलेला नव्हता. "शाबास!" ते ओरडले, इतक्या जोराने की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

"पण तुला कळलं कसं?" मी वाटेत विचारलं.

"इतके शेवट आधी वाचल्यावर तो लेखक माणूस कुठे लपवतो ते कळायला लागतं," ती म्हणाली.

"आणि आम्हाला दोघांना खोटं सांगितलंस?"

"मालिका आहे ती," ती म्हणाली. "त्यात असंच असतं."

तर पहिला हात सध्या आमच्याच घरात आहे. लोक जिन्यात तिला थांबवून विचारतात, "तुम्हाला कळतं तरी कसं हो?" आणि ती नुसती हसत नाही, सविस्तर सांगते, डॉक्टर मान डोलावत ऐकतात, आणि मी वह्यांचा गठ्ठा धरून बाजूला उभा असतो. कालच नवा भाग आला. ती खिडकीपाशी वाचत बसलीय. मी चहा केला, नेऊन समोर ठेवला, आणि जरा घुटमळून विचारलं, "काय वाटतं तुला?"

"थांबा हो," ती मान वर न करता म्हणाली, "माझं आधी वाचून होऊ दे."